बोजाऱ्याचे फळ

‘विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे काही लिहून पाठवा,’ असा निरोप आपल्या शाळेच्या वार्षिकाच्या संपादकांकडून आला, तेव्हा कोणत्या विषयास हात घालावा या विवंचनेत आम्ही काही दिवस होतो. शाळा सोडून आम्हांस बरीच वर्षे झाली. आता आम्ही स्वतःच दुसऱ्यांची मुले शिकवितो. सबब गंभीर विषयांची यादी आमच्यापाशी तयार होती. परंतु शेवटी ती बाजूस सारून, गेल्या पोळ्याच्या सणात आमच्या घरी जे घडले तेच लिहावे असे आम्ही ठरविले. प्रसंग म्हटला तर एका फळाचा आहे. तथापि त्या फळाने आमच्या घरच्या माणसांस अर्धा दिवस जो घोर लाविला तो आम्ही सहसा विसरणार नाही.

आमचे गाव बिरसी. गोंदियाच्या बाहेरच्या लोकांस हे नाव ठाऊक असलेच तर ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रज सरकारने येथे धावपट्टी बांधली आणि धानाच्या बांध्यांमध्ये वसलेल्या या खेड्याचे नाव नकाशावर चढले. बाकी गाव पूर्वी होते तसेच आहे. पावसाळ्यात चोहोंकडे पाणी साचलेल्या बांध्या, मधून मधून धुऱ्यावरची मोहाची झाडे, आणि रस्त्यावर चिखल. काही विशेष विकत घ्यावयाचे झाले म्हणजे गोंदियाचा बाजार गाठावा लागतो.

पोळा हा आमच्याकडील मोठा सण. पहिला दिवस शेतकऱ्यांच्या बैलांचा, दुसरा दिवस पोरांच्या लाकडी नंदीचा. त्यास तान्हा पोळा म्हणतात हे आपल्या बहुतेक वाचकांस सांगावयास नको. परंतु हा अंक पुण्यामुंबईकडेही जातो, म्हणून लिहिले. चाके लाविलेला नंदी ओढीत पोरे घरोघर फिरतात आणि त्यांस जो पैसा मिळतो त्यास बोजारा म्हणतात. आमच्या पुतण्यास गेल्या तान्ह्या पोळ्यास एकशे चाळीस रुपये बोजारा मिळाला. सहावीतल्या मुलाच्या दृष्टीने ती दौलतच. ती खर्च करण्यासाठी तो आमच्याबरोबर गोंदियास आला.

बाजारात एक म्हातारी बाई बसते. तिच्यापुढे काय मांडिले आहे यावरून कोणता महिना चालू आहे हे सांगता यावे. उन्हाळ्यात चार आणि टेंभरे, पावसाचे चार शिंतोडे पडले की सात्या आणि बांबूचे वास्ते, दिवाळीच्या सुमारास तळ्यातले शिंगाडे. त्या दिवशी मात्र तिच्या फडक्यावर पाच-सहा फळे अशी होती की आम्ही चालता चालता थबकलो. मोठ्या मुठीएवढी, लांबट, रंगाने थेट गुलाल. आणि अंगावर हिरव्या टोकांचे खवले उलटे उमललेले. जणू कोणी फळ रंगविले असून पाने चिकटवून दिली आहेत.

“हे काय हो बाई?”

“ड्रॅगन जी. ड्रॅगन फ्रूट.”

“गोड असते काय?”

“म्या त खाल्लं नाही जी अजून,” ती म्हणाली. “इतक्या महागाचं कोण खाते!”

या उत्तराने आमचे समाधान झाले. आपल्या मालाविषयी इतके खरे बोलणारा विक्रेता सर्वत्र मिळत नाही. एका फळाचे ऐंशी रुपये तिने सांगितले. आम्ही पाय काढता घेणार, तोच पुतण्या म्हणाला, “काकाजी, माझ्या बोजाऱ्यातून घ्या ना.” दोन घेतल्यास सत्तरप्रमाणे देते, असे म्हातारी म्हणाली. एकशे चाळीस रुपये तेथेच संपले. शंभरावर रुपये एका अपरिचित वस्तूवर उधळू देणे हे काकाच्या कर्तव्यात बसते की नाही, याचा विचार आम्ही घरी परतताना केला. परंतु पैसा त्याचा होता, आणि खरे सांगावयाचे तर कुतूहल आमचेही होते.

घरी हे फळ चिरावे की सोलावे येथपासून वाद. वहिनींनी अखेर विळीवर धरून त्याचे उभे दोन भाग केले. आत पांढरा शुभ्र गर आणि त्यात तीळ पेरावे तसे काळे बी. दुसरे फळ बाहेरून अगदी तसेच. पण चिरताच आतून असा गडद किरमिजी रस निघाला की वहिनींनी हात मागे घेतला. विळी, ताट, बोटे, ओठ, सर्व रंगले. दोन्ही फळांची साल सारखी आणि पोटे निराळी! पुढे चौकशी करता कळले की या दोन वेगळ्या जाती आहेत. लाल गराच्या फळांतही एकाहून अधिक जाती येतात, आणि पिवळ्या सालीचीही एक जात आहे.

चव? वाचक याच वाक्याची वाट पाहत असतील. पांढऱ्या फळाची चव टरबुजाच्या सालीलगतच्या गरापेक्षा थोडी सरस होती, इतकेच आम्ही म्हणू. लाल फळ किंचित अधिक गोड. बी दाताखाली किवीसारखे कुरकुरते. आमच्या आईने एक फोड खाऊन ‘यापेक्षा आपली काकडी बरी’ असा निकाल दिला. पुतण्याच्या तोंडावर निराशा स्पष्ट दिसत होती. परंतु स्वतःचा बोजारा त्यात गेलेला असल्यामुळे त्याने ती कबूल केली नाही आणि लाल फळ जवळजवळ सर्व एकट्याने संपविले. हा तपशील ध्यानात ठेवावा.

फळ फिके का लागले याचे कारण सांगण्याजोगे आहे. आंबा, केळे, सीताफळ ही फळे झाडावरून काढिल्यावरही पिकतात. त्यांतील पिठाची साखर होत राहते, म्हणून आपण त्यांस अढीत घालतो. हे फळ त्या वर्गातले नव्हे. वेलीवर असताना जितकी गोडी आली असेल तितकीच. एकदा तोडिले की पुढे वाढ नाही. लांबच्या बाजारासाठी ते थोडे आधी तोडावे लागते, कारण पूर्ण पिकल्यावर ते फार दिवस टिकत नाही. म्हणजे गोंदियाच्या बाजारात जे आले ते प्रवासास सोयीचे फळ होते, खाण्यास सोयीचे नव्हे. शिवाय सर्व गर सारखा गोड नसतो. मध्यभागी गोडी अधिक व सालीकडे कमी. आम्ही मात्र सालीपर्यंत खरवडून खाल्ले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेत निघण्याच्या तयारीत होतो. पुतण्या मोरीकडून परत आला तो न बोलता दाराशी उभा राहिला. वहिनींनी विचारिले तेव्हा हळूच म्हणाला, “आई, लघवीतून रक्त येते.”

हे ऐकून त्या माउलीची काय अवस्था झाली ती समजण्यासाठी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या पुतण्यास सिकलसेलचा आजार आहे. आमचे बंधू व वहिनी दोघेही या दोषाचे वाहक आहेत हे त्यांस लग्नाच्या वेळी माहीत नव्हते. मूल सहा महिन्यांचे झाल्यावर त्याचे हातपाय सुजले, तेव्हा तपासणी होऊन कळले. त्यानंतर आम्हीही रक्त तपासून घेतले. आम्हीही वाहकच निघालो. पूर्व विदर्भात हा दोष पुष्कळ कुटुंबांत आहे आणि आपल्या शाळेतही अशी मुले निश्चितपणे असतील. म्हणून लपविण्यासारखे यात काही आहे असे आम्हांस वाटत नाही.

रक्तातील तांबड्या पेशी एरवी मऊ व गोल असतात. बारीक नलिकांतूनही अंग चोरून निघून जातात. या रोगात पेशींतील हिमोग्लोबिनमध्ये एक लहानसा जन्मजात फरक असतो. प्राणवायू कमी पडला की ते हिमोग्लोबिन आतल्या आत काड्यांसारखे जमते आणि पेशी विळ्याच्या आकाराची, ताठर होते. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकले म्हणजे तेथे असह्य कळा येतात. शिकागोच्या हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली या विळ्यांचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे १९४९ साली पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. हिंदुस्थानात निलगिरीच्या डोंगरी लोकांत १९५२ साली तो प्रथम नोंदला गेला आणि पुढे थोड्याच वर्षांत नागपुरातही. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी करणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक.

आता मूत्रपिंडाचा संबंध. मूत्रपिंडाचा आतला भाग असा आहे की तेथे प्राणवायू मुळातच थोडा, आणि क्षारांचे प्रमाण फार. म्हणजे पेशींचा विळा होण्यास यापेक्षा अनुकूल जागा शरीरात शोधून सापडावयाची नाही. तेथील बारीक वाहिन्या तुंबल्या की आतल्या पेशीजालास इजा होते आणि लघवीवाटे रक्त जाऊ लागते. पुष्कळदा मुळीच दुखत नाही. रोग्यासच नव्हे, क्वचित निव्वळ वाहकासही असे होते. दवाखान्यात समजावून सांगताना वहिनींस हे सांगितलेले होते, आणि त्यांनी ते अक्षरशः पाठ केले होते. त्यामुळे ‘रक्त’ हा शब्द ऐकताच त्यांच्या हातातील तांब्या खाली पडला.

आम्ही शाळेत निरोप धाडला आणि बंधूंच्या मोटारसायकलीवर तिघे सरकारी दवाखान्यात गेलो. वाटेत कोणी बोलले नाही. फळाची आठवण आमच्यापैकी एकासही झाली नाही, हे येथे मुद्दाम नमूद करतो. ज्यास विज्ञान शिकविण्याचा पगार मिळतो त्यासही नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मुलाच्या पोटावर, कमरेवर हात दाबून पाहिला, ताप पाहिला, डोळे पाहिले. मग पहिला प्रश्न केला, “काल काय खाल्लेस?” मुलाने भाकर, डाळ, पोळ्याच्या करंज्या वगैरे सांगितले. शेवटी ओशाळत म्हणाला, “आणि ते ड्रॅगन.” “आतून लाल होते का?” “हो.” तेव्हा बाई किंचित हसल्या. परंतु ‘मग काही नाही, जा घरी’ असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी लघवीचा नमुना घेतला आणि तो तपासावयास दिला. पाऊण तास आम्ही बाकावर बसून होतो.

तपासणी कशी करितात ते आम्ही नंतर विचारून घेतले. नमुना काचेच्या नळीत घालून यंत्रावर जोराने फिरवितात. लाली जर रक्तपेशींची असेल तर त्या जड असल्यामुळे तळाशी बसतात आणि वरचे पाणी निवळते. लाली जर विरघळलेल्या रंगाची असेल तर कितीही फिरविले तरी सर्व पाणी लालच राहते. मग तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यात तांबड्या पेशी आहेत की नाहीत ते पाहतात. आमच्या नमुन्यात पाणी लालच राहिले आणि गाळात तांबड्या पेशी दिसल्या नाहीत. रक्त नव्हते. फळाचा रंग होता.

वहिनी तेव्हा रडल्या; आधी रडल्या नव्हत्या. उगीच धावत आलो, डॉक्टरांचा वेळ घेतला, असे काही त्या पुटपुटल्या. त्यावर डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले ते शाळेतील प्रत्येक आईबापापर्यंत पोहोचावे म्हणूनच हा लेख आम्ही मुख्यतः लिहीत आहो. त्या म्हणाल्या, “तुम्ही आलात हेच योग्य केले. याला पुन्हा लाल लघवी झाली आणि आदल्या दिवशी हे फळ खाल्लेले असले, तरी पुन्हा या. रंग पाहून घरी कोणालाच ठरविता येत नाही. मलाही आले नाही.” त्यांनी मुलास दिवसभर भरपूर पाणी पीत जाण्यास बजाविले, कारण या रोगात शरीरातील पाणी कमी होणे हेच पेशींचे विळे होण्यास निमित्त होते. दोन दिवसांनी पुन्हा नमुना आणावयास सांगितले. तो निर्मळ निघाला.

यानंतर आमच्यातील शिक्षक जागा झाला. जांभळे खाऊन जीभ निळी होते, करवंदे खाऊन बोटे काळी होतात, मग तो रंग लघवीत का उतरत नाही आणि याच फळाचा का उतरतो? उत्तर असे की हे रंग वेगळ्या कुळीचे आहेत. जांभूळ, करवंद, काळे वांगे यांच्या रंगद्रव्यांस अँथोसायनिन म्हणतात. लाल ड्रॅगन फळातले द्रव्य बीटालेन वर्गाचे आहे. बीटच्या शास्त्रीय नावावरूनच ते नाव पडले. बीटालेन पोटात सर्वांच्या सारखे मोडत नाही. कोणाच्या जठरात व आतड्यात ते नाहीसे होते, कोणाच्या रक्तात थोडे शोषले जाऊन जसेच्या तसे मूत्रपिंडातून बाहेर पडते. बीट खाणाऱ्या शंभरांपैकी सुमारे दहा ते चौदा लोकांस असा अनुभव येतो. शरीरात लोह कमी असलेल्यांस अधिक. म्हणूनच आम्ही थोडे लाल फळ खाल्ले होते तरी आम्हांस काही दिसले नाही.

या दोन रंगांविषयी एक मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. निसर्गात ते एकाच वनस्पतीत एकत्र कधी आढळलेले नाहीत. एक असेल तेथे दुसरा नाही. फुलझाडांत बीटालेन एकाच गणातल्या कुळांत मिळते. त्या गणात कोण कोण आहे ते पाहिले तर आपल्याच परसातील मंडळी भेटतात: बीट, लाल माठ, राजगिरा, मायाळू, गुलबक्षी, बोगनवेल आणि निवडुंग. मायाळूची पिकलेली फळे चुरडून लहानपणी आम्ही शाई केली आहे. ती शाई आणि पुतण्याची लाल लघवी ही नात्याने एकमेकांस जवळची! ज्या विद्यार्थ्यांस प्रयोगाची हौस असेल त्यांनी जांभळाच्या रसात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पाहावा. रंग निळसर होईल. लाल ड्रॅगनच्या रसात तोच सोडा घातला तर रंगात फारसा पालट होत नाही. लिंबू पिळले तर दोन्ही लालच दिसतात, हेही पडताळून पाहावे.

म्हणजे ज्यास पाहून आम्ही बाजारात थबकलो ते फळ निवडुंगाचे होते. याचा अर्थ ते आम्हांस वाटले तितके परकेही नव्हते. फड्या निवडुंगाची लाल बोंडे काटे घासून खाल्लेली आणि ओठ रंगवून घरी मार खाल्लेली मंडळी महाराष्ट्रात गावोगाव आहेत. निवडुंगाचे हे सर्व कूळ मूळचे अमेरिका खंडाचे. येथे आले ते आणिले गेले म्हणून. त्यातील एका प्रकरणात तर कंपनी सरकारची मोठी फजिती आहे. निवडुंगावर एक किडा वाढतो आणि तो वाळवून किरमिजी रंग मिळतो. या रंगाचा व्यापार स्पेनच्या हाती होता. तो आपल्या हाती यावा म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या मद्रासच्या डॉक्टर अँडरसन यांनी खटपट केली. निवडुंगाच्या बागा लाविल्या. १७९५ साली ब्राझीलहून किडा आला खरा, परंतु तो खरा किरमिजी किडा नव्हता. रंग हलका निघाला. किड्याने मात्र एका जातीचा निवडुंग खाऊन फस्त केला. दुसऱ्या जातीचा निवडुंग पुढे शेतांतून, गायरानांतून इतका माजला की त्याचा नायनाट करण्यासाठी १९२६ साली त्याच कुळातला आणखी एक किडा श्रीलंकेतून आणावा लागला, आणि त्याने ते काम चोख बजाविले. रंगासाठी आणिलेला किडा रंग न देता तण काढून गेला!

ड्रॅगन फळाचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. मेक्सिको व मध्य अमेरिकेतला हा वेल फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात व्हिएतनामात नेला आणि तेथे तो इतका रुजला की लोक त्यास तेथलाच समजू लागले. तेथील भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘हिरवा ड्रॅगन’ असा होतो. आपल्याकडे त्याची लागवड गेल्या तीसेक वर्षांतली. २०२१ च्या जानेवारीत गुजरात सरकारने त्याचे नाव ‘कमलम्’ ठेविले. नावाविषयी आम्हांस इतकेच वाटते की लोकांच्या जिभेवर काय बसेल ते सरकारास ठरविता येत नाही. सीताफळ आणि पपई हीदेखील अमेरिकेतून आली. एकास लोकांनी सीतामाईचे नाव दिले, दुसऱ्याचे परदेशी नाव थोडे वाकवून ठेवून दिले. आमची म्हातारी ‘ड्रॅगन जी’ म्हणते.

या वेलीचे फूल वीतभराहून मोठे, पांढरे असून ते रात्री उमलते व सकाळी मिटते. एकाच रात्रीचे आयुष्य. त्याच्या मूळ देशात वटवाघळे व मोठे पतंग रात्री येऊन परागसिंचन करितात. कित्येक जातींत शेतकऱ्यास स्वतः कंदील घेऊन कुंचल्याने ते काम करावे लागते. आपल्याकडे हौशी लोक कुंडीत ‘ब्रह्मकमळ’ लावितात आणि ते फुलले की मध्यरात्री शेजाऱ्यांस बोलावून पूजा करितात. तेही हिमालयातले खरे ब्रह्मकमळ नसून मेक्सिकोकडचा निवडुंगच होय, आणि ड्रॅगन फळाचा अगदी सख्खा नातलग. दिवसा उन्हात पर्णरंध्रे बंद ठेवावयाची आणि रात्री गारव्यात उघडून हवा घ्यावयाची ही या कुळाची रीत आहे. त्यामुळे पाणी थोडे लागते.

हे शेवटचे वाक्य आम्ही पारावर बोललो आणि संकटात पडलो. गावातील एका शेतकरी गृहस्थांनी लागलीच विचारिले, “मग गुरुजी, बांधीत लावू काय? सत्तर रुपयांस एक फळ जाते म्हणता!” सांगली जिल्ह्यातील तडसर गावच्या शेतकऱ्यांचे हे फळ २०२१ साली दुबईस गेल्याचे त्यांनीही ऐकिले होते. आमचे मत आम्ही स्पष्ट सांगितले. सांगलीच्या पूर्वेकडे पाऊस थोडा आणि जमीन निचऱ्याची. आमच्या बांध्या मुद्दाम पाणी अडविण्यासाठी बांधिलेल्या. चार महिने पाणी साचते म्हणूनच तेथे धान पिकतो. निवडुंगाच्या मुळांस हेच सोसत नाही, ती कुजतात. लावावयाचेच तर उंचावरच्या मुरमाड जागेत, गादीवाफ्यावर, खांब उभारून. त्या खांबांचा आणि रोपांचा खर्च पहिल्याच वर्षी करावा लागतो. पीक नीट हाती येण्यास दोन-तीन वर्षे जातात. आमच्याकडील वैशाखाच्या उन्हात खोडे करपतात, म्हणून सावलीचीही तजवीज हवी. आणि जेव्हा सर्वांचेच फळ बाजारात येईल तेव्हा सत्तर रुपये कोण देईल? गृहस्थ म्हणाले, “म्हणजे नको म्हणा.” आम्ही म्हटले, “दहा वेल लावून पाहा, दहा गुंठे नको.”

भावाचे म्हटले तर आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. भाद्रपदात डेंग्यूचा ताप पसरला म्हणजे या फळाची किंमत एकाएकी चढते. ते खाल्ल्याने रक्तातील प्लेटलेट वाढतात असा समज आहे. यास भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. फळ वाईट नाही. तंतू बरे आहेत, पाणी पुष्कळ आहे. परंतु ज्या ‘क’ जीवनसत्त्वाची त्याच्या नावाने वाखाणणी चालते ते आपल्या आवळ्यात त्याच्या कितीतरी पट असते, आणि आवळा बोजारा मोडून घ्यावा लागत नाही.

पुढच्या खेपेस बाजारात गेलो तेव्हा म्हातारीने पुतण्यास ओळखिले. “कसं लागलं रे बाबू?” तिने विचारिले. त्याने काय झाले ते सर्व, लघवीसकट, तिला व शेजारच्या दोन दुकानांस ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. ती प्रथम घाबरली, मग पदर तोंडास लावून हसली. तिच्या फडक्यावर त्या दिवशी ती फळे नव्हती. ती म्हणाली, चार विकली, एक सडले, पुन्हा आणिले नाही. शिंगाडे यावयास अजून अवकाश होता. आम्ही वास्ते घेतले.

त्या सकाळी विळीस चिकटून राहिलेले काळे बी वहिनींनी धुऊन टाकिले होते. परंतु पांढऱ्या फळाचे चमचाभर बी पुतण्याने आधीच कागदात बांधून ठेविले होते. ते त्याने तेलाच्या एका जुन्या डब्यात माती व वाळू घालून पेरिले. दोन आठवड्यांच्या आत त्यातून राईच्या रोपांसारखी दोन-दोन हिरवी दळे वर आली आणि पुढे प्रत्येक जोडीच्या मधोमध केसाळ, टाचणीच्या टोकाएवढा निवडुंग दिसू लागला. बियांपासून वाढविलेल्या वेलीस फळ यावयास बरीच वर्षे लागतात असे आम्ही त्यास सांगितले आहे. तो रोज सकाळी त्याच डब्यापाशी उभा राहून आपला पाण्याचा मोठा पेला संपवितो, आणि तळाशी उरलेले दोन थेंब डब्यात टाकितो. गेल्या रविवारी त्याने मोजिले तेव्हा सर्वांत उंच रोप दीड बोटाचे झाले होते.